राजाचा खटला आणि आमचे सर

आमच्या रात्रशाळेत बाकीच्या तासांना हजेरी व्हायची. सरांच्या तासाला सभा भरायची.

सर आत आले की लाकडी पट्टी टेबलावर आपटत आणि म्हणत, "माननीय सभासदहो, स्थानापन्न व्हा." माननीय सभासद म्हणजे आम्ही. कुणी गिरणीत बदली कामगार, कुणी गोदीत ओझी उचलणारा, कुणी छापखान्यात खिळे जुळवणारा, एक जण घोडपदेवच्या बेकरीत पाव भाजणारा. पाळी सुटली की घरी जाऊन अंगावर पाणी घ्यायचं, कपभर चहा प्यायचा आणि परळला शाळेच्या इमारतीत जाऊन बसायचं. दिवसा तिथे लहान मुलं शिकत. त्यांच्या बुटक्या बाकांत आमचे गुडघे मावत नसत. कितीही धुतलं तरी केसांत कापसाचं भुसकट राहायचंच. अशा माणसांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माननीय म्हणत होतं. गिरणीतला मुकादम आम्हाला काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सर दिसायला अगदीच किरकोळ. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज पातळ, चहाच्या किटलीला वाफ धरल्यासारखा. दिवसा फोर्टात एका कचेरीत कारकुनी करायचे, राहायचे गिरगावात एका खोलीत, एकटेच. संध्याकाळी ट्रामने परळला यायचे. त्यांना इतिहास शिकवायला ठेवलं होतं आणि त्यांनी आम्हाला फक्त एकच युद्ध शिकवलं, असं मी म्हटलं तर फार खोटं ठरणार नाही.

ते युद्ध म्हणजे इंग्लंडातली यादवी. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला संसद. आमच्या पुस्तकात ती दीड पानात आटपली होती. सरांच्या वर्गात ती दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि शिमगा आला तरी संपायची नाही. अशोक, अकबर, पेशवाई, सगळे आपापली पानं धरून ताटकळत उभे. एकदा हेडमास्तरांनी विचारलं, "अहो, परीक्षेत यावर एक तरी प्रश्न येतो का?" सर शांतपणे म्हणाले, "परीक्षेत नाही येणार. पुढे येईल."

त्यांचा एक नियम होता. वर्गात कुणाचं नाव घ्यायचं नाही. राजाला राजा म्हणायचं, सेनापतीला सेनापती, सभापतीला सभापती. "नावं पाठ केलीत की तुम्हाला वाटेल, ही माणसं मेली, गोष्ट संपली," ते म्हणत. "पदं लक्षात ठेवा. पदं मरत नाहीत. त्यांवर नवी माणसं येऊन बसतात." त्यामुळे मॅट्रिकच्या परीक्षेत आमच्यातल्या अर्ध्या जणांनी उत्तरपत्रिकेत अकबरालाही नुसतंच 'तो राजा' असं लिहिलं होतं.

लढाया मात्र ते अशा शिकवत की गिरणीचा भोंगा वाजला तरी कुणी हलू नये. टेबलावर शेंगदाणे आणि फुटाणे मांडायचे. शेंगदाणे राजाचे स्वार, फुटाणे संसदेचं पायदळ. डस्टर म्हणजे टेकडी, सांडलेलं पाणी म्हणजे नदी. पट्टीने सैन्य पुढे ढकलता ढकलता त्यांचा तो पातळ आवाज चढत जाई. "राजाचे स्वार सुटले! समोरची फळी फोडून पार निघाले! पण थांबले का? नाही. मागे सामानसुमान दिसलं, लुटीला लागले. परत येऊन बघतात तर मैदान दुसऱ्याचं!" मग जिंकलेल्या बाजूने हरलेल्यांना खाऊन टाकायचं. आम्ही दिवसभर उभं राहून काम केलेले, भुकेलेले. लढाईचा निकाल काय लागणार याची आम्हाला फार उत्सुकता असे.

सर म्हणजे संसदेच्या बाजूचा माणूस, पण राजाच्या शेवटच्या सकाळबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज घोगरा व्हायचा. भर हिवाळ्यातली सकाळ होती. राजाने त्या दिवशी दोन सदरे मागून घेतले, एकावर एक चढवले. थंडीने अंग थरथरलं तर लोकांना वाटेल, राजा भ्याला. "सभासदहो," सर चष्मा काढून म्हणत, "हा माणूस आपला शत्रू. याने लोकांवर मनमानी कर बसवले, प्रश्न विचारणाऱ्यांना कोंडलं, मला देवाने नेमलंय म्हणाला. ते सगळं त्याच्या पदरात घाला. पण तो भ्याला असं म्हणू नका. जे नाही ते शत्रूबद्दलसुद्धा बोलायचं नाही."

मग एकदम विचारायचे, "या सगळ्या गोष्टीतला सर्वांत वाईट दिवस कुठला?"

नवा विद्यार्थी हमखास म्हणायचा, राजाचं डोकं उडवलं तो. सर मान हलवायचे. वाईट दिवस पुढे आला. संसदेने जिंकलं, राजा गेला, आणि काही वर्षांनी संसदेच्याच सेनापतीने शिपाई आणून सभासदांना बाहेर हुसकलं आणि सभागृहाला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी कुणा खोडकर माणसाने दारावर पाटी लावली, 'जागा भाड्याने देणे आहे.'

हे ऐकून बेकरीवाल्याने हात वर केला. "अध्यक्ष महाराज, लंडनात पागडी किती?"

सगळा वर्ग फुटला. सरही हसले. मग म्हणाले, "पागडी फार मोठी होती हो. पुन्हा राजालाच आणून बसवावं लागलं. त्याच्या मुलाला."

दर वर्षी एका रविवारी सकाळी वर्गात राजाचा खटला चालायचा. त्या दिवशी सर काळा कोट घालून येत. टोपीच्या आत तुपाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण बसवलेलं असे, कारण खऱ्या खटल्यात न्यायाधीशाने हल्ल्याच्या भीतीने टोपीत लोखंड घातलं होतं. ट्राममधल्या माणसांना यातलं काय कळणार? ऐन उन्हात काळ्या कोटात, मान ताठ धरून बसलेला हा गृहस्थ कुठे निघालाय, असं वाटून ती बघत राहत.

राजाच्या वतीने एक वकील, संसदेच्या वतीने एक. कोण कोणाचा, ते सर ठरवत.

आणि मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. चाळीचाळींतून सभा, प्रभातफेऱ्या, हरताळ. शहरात गोळीबार झाला. लालबागेत आमच्या शेजारच्या चाळीतल्या बाबीच्या धाकट्या भावाच्या, गणूच्या, पायात गोळी लागली. सतरा वर्षांचं पोर. बाबी आमच्याच वर्गात होता. मालवणकडचा, गिरणीत माझ्याच खात्यात, अंगाने दांडगा आणि बोलायला अगदी मोजका. इस्पितळातून गणू लंगडत घरी आला. त्यानंतर आठवडाभरात पहाटे पोलिसांची गाडी आली आणि त्या चाळीतल्या, आमच्याच गिरणीत काम करणाऱ्या चार पोरांना उचलून घेऊन गेली, त्यात गणूही होता. गोळीबाराच्या आदल्या दिवशीच्या मोर्च्यात दगडफेक केली असा आरोप. पोलिसांनी बरोबर चार दारं ठोठावली होती. पाचवं नाही. म्हणजे नावं कुणीतरी दिली होती.

त्याच आठवड्यात सरांनी खटल्याचे वकील जाहीर केले. "राजाच्या वतीने," ते म्हणाले, "माननीय सभासद बाबी."

बाबी उठून उभा राहिला. बाक त्याच्याबरोबर उचलला गेला, इतक्या झटक्याने.

"सर, माझ्या भावाच्या पायात गोळी गेली. आता तो आत आहे. आणि मी राजाची वकिली करू?"

"म्हणूनच," सर म्हणाले.

"म्हणूनच म्हणजे?"

"ज्याला राजाचा राग येत नाही त्याने राजाची बाजू मांडली, तर ती चाकरी. ज्याला येतो त्याने मांडली, तर तो न्याय. तुमच्याइतका राग या सभागृहात दुसऱ्या कुणाला आहे का?"

बाबी निघून गेला. मागून दोघेतिघे उठले. कुणीतरी दारातून ओरडलं, "सर, तुम्ही आमचे की त्यांचे?" सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कधीच दिलं नसतं. सभागृहात अध्यक्षाला मत नसतं, असं ते म्हणायचे. आम्हाला मात्र माहीत होतं की मोर्चा निघाला की हा माणूस कचेरीतून रजा घेऊन सगळ्यांत मागे चालतो आणि त्याच्या त्या किटलीच्या आवाजात घोषणा देतो. त्या ऐकून पुढची माणसं हसू आवरत वळून बघायची.

बाबी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, मागच्या बाकावर बसला आणि तास संपल्यावर सरांजवळ गेला. मी दारातच होतो. "राजाने कोर्टाला पहिला प्रश्न काय विचारला होता?" त्याने विचारलं.

"त्याने विचारलं, कोणत्या अधिकाराने मला इथे आणलंत?"

"मग त्यांनी काय उत्तर दिलं?"

"लोकांच्या नावाने, असं म्हणाले. पण त्याआधी शिपायांनी सभागृहाच्या दारात उभं राहून, जे सभासद राजाशी बोलणी करा म्हणत होते त्यांना आत येऊच दिलं नव्हतं. उरले ते सगळे एका मताचे."

"म्हणजे त्याचा प्रश्न बरोबर होता," तो म्हणाला. "माणूस चुकीचा, पण प्रश्न बरोबर."

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला बाबीचा हेवा वाटला.

रविवार उजाडला. मी धुवट सदरा घालून खटल्याला निघालो. बाबीला हाक मारायला म्हणून त्याच्या चाळीत शिरलो, तर पटांगणात ही गर्दी. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मधोमध नळाच्या ओट्याजवळ पेडणेकर उभे. हे आमच्या गिरणीतले टाइमकीपर, कामगारांची हजेरी लिहिणारे, पन्नाशीचे, बाबीच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारे. अंगात नुसता गंजीफ्रॉक. कुणीतरी तव्याची काजळी वाटीत कालवून आणली होती. चपलांची माळ ओवून तयार होती.

पुढे होता शांताराम. चाळीतल्या स्वयंसेवकांचा म्होरक्या, पहाडी आवाजाचा. प्रत्येक हरताळात सगळ्यांच्या पुढे असायचा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. "हा फितूर!" तो ओरडत होता. "पोरांना उचललं त्याच दिवशी आणि त्यानंतरही हा चौकीत बसलेला दिसला. चहा पीत! आपली पोरं आत सडतायत आणि हा चहा पितोय!"

गर्दीतून एकच आरोळी उठली. "फासा काळं!"

पेडणेकर एक शब्द बोलत नव्हते. खाली बघत होते. त्यांची बायको जिन्यात भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

तेवढ्यात चाळीच्या दरवाजातून सर आत आले. काळा कोट, काळी टोपी. ट्रामच्या स्टॉपवरून शाळेकडे जाताना गलका ऐकून वळले असणार. ते गर्दीतून वाट काढत सरळ ओट्यावर चढले. हातात पट्टी होती. ती त्यांनी नळावर आपटली.

"आरोपीचा वकील कोण?"

लोक क्षणभर गोंधळले. हा काळ्या कोटातला माणूस कोण, कोर्टातून आलाय की काय! मग शांताराम भानावर आला. "मास्तर, तुम्ही बाजूला व्हा. फितुराला कसला वकील?"

"वकील नाही तर खटला नाही. मग ही नुसती मारामारी. मारामारी करायची असेल तर तसं म्हणा, लोकांचं नाव घेऊ नका."

मागून कुणीतरी दगड भिरकावला. मारणाऱ्याला पेडणेकर हवे असतील, पण लागला तो सरांना. टोपीतल्या झाकणाचा काही उपयोग झाला नाही. दगड त्याच्या खाली, भुवईवर बसला. चष्मा पडला. रक्त गालावरून कोटावर उतरलं. मी पुढे धावलो, तर त्यांनी मला पट्टीने थांबवलं. कोटाच्या बाहीने डोळा पुसला आणि त्याच पातळ आवाजात म्हणाले, "सभेचं कामकाज सुरू आहे. आरोपीचा वकील कोण?"

कुणी हललं नाही. नळाखालच्या कळशीत थेंब पडत होते ते ऐकू येत होते.

"मी," आवाज आला.

बाबी गॅलरीतून खाली उतरत होता. खटल्यासाठी घातलेला इस्त्रीचा सदरा अंगात. लोकांनी आपोआप वाट दिली, कारण त्या चाळीत त्या दिवशी मारायचा सर्वांत पहिला हक्क कुणाला असेल तर त्याला होता. तो येऊन पेडणेकरांच्या शेजारी उभा राहिला.

शांताराम कासावीस झाला. "बाबी, अरे तुझा भाऊ आत आहे!"

"माझा भाऊ आत आहे म्हणूनच विचारतो. शांताराम, नावं देताना याला कुणी ऐकलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे. पण ऐकलं कुणी? तू ऐकलंस?"

"मी नाही, पण..."

"मग कुणी ऐकलं? ज्याने ऐकलं त्याने पुढे यावं. मी त्याच्या पाया पडेन आणि पहिली चप्पल मी मारीन." बाबीला मी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "आणि कुणी ऐकलं नसेल, तर ऐका. आज याला मारून आपण घरी जाऊ. सगळ्यांना वाटेल, फितुराला शिक्षा झाली. मग जो खरा आहे, तो आज दुपारी पोटभर जेवून सुखाने झोपेल. माझ्या भावाच्या पायाची ही किंमत?"

गर्दीत चुळबुळ झाली. तरी कुणीतरी म्हणालं, "मग चौकीत चहा कशाला पीत होता?"

"मी सांगतंय!"

आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. बाबीची आई. म्हातारी रोज पोरासाठी भाकरी घेऊन चौकीवर जायची, आत सोडत नसत म्हणून बाहेर पायरीवर बसून राहायची. ती पुढे आली. पेडणेकरांनी तिच्याकडे पाहिलं आणि जोरजोराने मान हलवली, नको नको म्हणून. तिने लक्ष दिलं नाही.

"मी बघलंय. हो थंय बसलो होतो, ह्या खरा. पण मीव थंयच होतंय. मगे मी पण फितूर? घाला माका पण माळ!" ती शांतारामच्या समोर जाऊन उभी राहिली. "हो सायबाक काय सांगी होतो ता मी माज्या कानांनी आयकलंय. ही चारय पोरां त्या येळाक गिरणीत कामार होती, असा सांगी होतो. तीन दिस जाता हा, तीन दिस तांच्या पायाक धरता हा, आणि तुमी तेका काळा फासतास?"

पटांगणातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की त्या वेळेला ती चार पोरं गिरणीत नव्हती. ती मोर्च्यात होती. आणि टाइमकीपरने गिरणीच्या नावाने पोलिसांना खोटं सांगितलं, हे वर कळलं तर नोकरी तर जाईलच, पण तेही आत जातील. म्हणून तो माणूस चपलांची माळ समोर बघूनही तोंड उघडत नव्हता. बोलला असता तर पोरं अडकली असती.

शांतारामच्या हातातली वाटी खाली पडली. काजळी फरशीवर सांडली. तो पेडणेकरांच्या पायांशी वाकायला गेला, तर त्यांनी त्याला मधेच धरलं आणि दोघेही रडायला लागले. वर जिन्यात पेडणेकरांची बायको मटकन खाली बसली.

मला वाटलं, संपलं. पण सरांना नाही वाटलं. त्यांनी पुन्हा पट्टी आपटली.

"सभा संपलेली नाही. आता इथे जे बोललं गेलं त्याने एका माणसाचा आणि चार पोरांचा गळा कापता येतो. म्हणून अध्यक्ष ठराव मांडतात. जे या पटांगणात ऐकलं ते या पटांगणाबाहेर जाणार नाही. बायकोने माहेरी सांगायचं नाही, माणसाने दारूच्या गुत्त्यात बरळायचं नाही. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

खाली पटांगणात हात वर गेले. वर गॅलऱ्यांत गेले. बायका स्वयंपाक टाकून आल्या होत्या, त्यांचे पिठाचे हात वर होते. ज्याने दगड मारला त्याचाही हात त्यात असलाच पाहिजे, कारण खाली राहिलेला हात मला एकही दिसला नाही.

"ठराव मंजूर," सर म्हणाले आणि ओट्यावरच खाली बसले. मग कुठे त्यांना घेरी आली.

ही गोष्ट मी आज लिहितोय, कारण पेडणेकर केव्हाच गेले, गिरणी गेली, आणि त्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे. पण तेव्हा चौकीतल्या लोकांनी खोदून खोदून विचारलं. गिरणीतल्या साहेबांनी विचारलं. एवढी मोठी चाळ, त्यात एकमेकांशी पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडणारी बिऱ्हाडं, कोकणातली, घाटावरची, पुढे बुद्धधर्म घेतलेली. कुणीही तोंड उघडलं नाही. पोरं सुटून आली. पेडणेकर त्याच गिरणीतून सन्मानाने निवृत्त झाले. लोक मला विचारतात, तुम्ही त्या चळवळीत काय केलंत? तुरुंगात गेलात का? मी नाही गेलो. पण मी त्या चाळीत हात वर केला होता, आणि मला त्याचा अजूनही तुरुंगवासाइतकाच अभिमान आहे.

राजाचा खटला त्या दिवशी उशिरा का होईना, पण झाला. सरांच्या कपाळाला बाबीच्या आईने हळद लावून फडकं बांधलेलं. बाबीने राजाची बाजू अशी मांडली की संसदेचा वकील, म्हणजे मी, दोन वेळा अडखळलो. निकालाला वर्गाने पहिल्यांदाच वेगळं मत दिलं. राजा दोषी आहे, पण त्याचं डोकं जागेवर राहू द्यावं.

सरांनी निकाल वाचला आणि म्हणाले, "कळवायला तीनशे वर्षं उशीर झाला. पण नोंद घेतली आहे."

पुढे सरांनी सत्याग्रह केला. काही महिने तुरुंगात होते. कचेरीने त्यांना काढून टाकलं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्हाला दुसरीकडून कळलं. ते सुटून आले त्या संध्याकाळी वर्ग नेहमीपेक्षा भरलेला होता. कुणी हार आणला होता. सरांनी तो टेबलावर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो? राजाच्या स्वारांनी टेकडी घेतली होती." त्यानंतर ते मुलांच्या शिकवण्या करून राहिले. दिवसा गिरगावात, संध्याकाळी परळला. एक गोष्ट मात्र नवी होती. पहिल्या बाकावर आता शांताराम बसायला लागला होता. तिशी उलटलेला माणूस, मुळाक्षरांपासून सुरुवात.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा लालबाग परळ दिवाळीसारखं उजळलं होतं. ढोल, लेझीम, गुलाल. मी स्वतः इतका नाचलो की दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नव्हते. आणि त्या दुसऱ्या दिवशीच सरांचा निरोप आला, आजी माजी सभासदांनी संध्याकाळी शाळेत यावं. शाळेला सुट्टी लागली होती, पण सगळे आले. बाबी आला, त्याच्याबरोबर लंगडत गणू आला. काहींच्या कानामागे अजून गुलाल होता. आम्हाला वाटलं, सर पेढे वाटणार.

सर उभे राहिले. "अभिनंदन," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टीने वर्गाचे दोन भाग दाखवले, उजवीकडचे बाक आणि डावीकडचे. "हे आपलं सरकार. आपण मिळवलेलं, आपल्या माणसांचं. आता समोरच्या बाजूला, त्यांना प्रश्न विचारायला, कोण बसणार?"

कुणी उठेना. कालच तर राज्य झालं होतं. आपल्याच लोकांच्या समोर विरोधात जाऊन बसायचं? अशुभ वाटत होतं ते. आम्ही सगळे उजवीकडे अंग चोरून बसलो होतो. बाबीसुद्धा.

बाक कुरकुरला. शांताराम उठला. कालच्या मिरवणुकीत घोषणा देऊन देऊन त्याचा पहाडी आवाज पार बसला होता. तो सावकाश चालत डावीकडच्या रिकाम्या बाकांकडे गेला आणि एकटाच तिथे बसला. मग पुन्हा उभा राहिला, कारण बोलायचं तर उभं राहून बोलायचं हे त्याला तोवर शिकवलेलं होतं.

"अध्यक्ष महाराज," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गोळीबारात गेलेल्यांच्या घरचं आता कोण बघणार, हा माझा पहिला प्रश्न आहे. सरकारने उत्तर द्यावं."

सर आमच्याकडे वळले.

"सरकार," ते म्हणाले, "उत्तर द्या."